रान राखण्याची किंमत कोणी मोजावी?

मलकापूर सोडून आंबा घाटाकडे निघाले की उसाचे मळे मागे पडतात, भाताची खाचरे लागतात आणि पुढे रान सुरू होते. शाहूवाडी तालुक्याच्या या पट्ट्याला कायद्याचे संरक्षण टप्प्याटप्प्याने लाभले आहे. उत्तरेकडील चांदोलीचे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये कोयनेच्या रानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. विशाळगडाभोवतीचे सुमारे ९३ चौरस किलोमीटर वन २०२१ मध्ये 'संवर्धन राखीव' म्हणून घोषित झाले. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु ज्या प्रदेशाला एवढे संरक्षण मिळाले, तेथील माणसाला एक प्रश्न विचारण्याचा हक्क पोहोचतो : या राखणीची किंमत कोणाच्या खिशातून गेली?

किंमत म्हणजे केवळ शासकीय तरतूद नव्हे. चांदोलीच्या रानातील गावे उठली. पिढ्यान्‌पिढ्या नाचणी, वरी आणि गुरे यांवर जगणारी कुटुंबे खालच्या सपाटीवरच्या वसाहतींत आली. त्यांतील अनेकांना जमीन, पाणी आणि साध्या नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. जे रानाच्या काठी राहिले, त्यांच्या उभ्या पिकात गवे शिरतात. दुसरीकडे त्याच रानातून झिरपलेले वारणेचे पाणी खाली सपाटीवरचा ऊस पोसते आणि त्या उसावर कारखाने चालतात. लाभ खाली वाहत गेला, झळ वर डोंगरात राहिली.

पर्यावरणाविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा पृथ्वी ही अल्लाहची अनामत आहे, मनुष्य येथे खलीफा म्हणून पाठविला गेला आहे, सूरह रहमानमध्ये तुलेचा समतोल बिघडवू नये अशी ताकीद आहे, आणि मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने वा पाखराने खाल्ले तर तो सदका ठरतो, असे सांगितले जाते. हे सर्व सत्य आहे. मात्र बहुतेक लेख येथेच थांबतात आणि वाचक रोप लावून मोकळा होतो. राखीव रानाचा कारभार कसा चालावा, यावरही इस्लामी परंपरेत स्पष्ट मार्गदर्शन आहे. त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

त्या मार्गदर्शनाचे नाव 'हिमा' असे आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात एखादा बलाढ्य सरदार उंचवट्यावर कुत्रे भुंकवीत असे आणि त्याचा आवाज जेथपर्यंत पोहोचेल तेथपर्यंतचे कुरण आपले म्हणून जाहीर करीत असे, असे इमाम शाफिई (रह.) यांनी नमूद केले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही प्रथा मोडली. हिमा केवळ अल्लाह व त्याच्या प्रेषितासाठीच असू शकतो, असा निर्णय त्यांनी दिला. म्हणजे सार्वजनिक हितासाठी कुरण राखता येईल, व्यक्तीच्या मोठेपणासाठी नाही.

पुढे हजरत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणावर हुनय नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाची नेमणूक केली. त्या वेळी त्यांनी दिलेला आदेश सहीह बुखारीत आला आहे. त्याचा आशय असा : लोकांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या शापाला भी. ज्याच्याकडे थोडेच उंट वा मोजक्याच शेळ्यामेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे, परंतु इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या कळपांना आत घेऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना खजुरीच्या बागा आणि शेते आहेत. गरिबाची जनावरे मेली तर तो मुलाबाळांसह माझ्या दारात उभा राहील. मग मी त्याला वाऱ्यावर सोडू काय? त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा पाणी आणि गवत देणे मला सोपे आहे.

ज्यांची नावे येथे आली ते कोणी ऐरेगैरे नव्हते. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत उस्मान (रजि.) हे दोघेही हयातीतच स्वर्गाची शुभवार्ता लाभलेले सहाबी. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. त्यांच्याकडे दुसरा आधार होता, एवढ्यावरून त्यांचे कळप बाहेर ठेवले गेले. आपल्या व्यवस्थेत नेमके उलट घडते : शेळ्या चारणाऱ्या धनगराला आधी अडवले जाते आणि सड्यावरच्या बॉक्साइटसाठी अर्ज करणाऱ्याची फाईल विचारार्थ घेतली जाते.

याच आदेशाच्या शेवटी खलीफा सांगतात की, आपण आपल्यावर अन्याय केला असे या लोकांना वाटते, आणि ही भूमी तर त्यांचीच आहे. त्यांनी तिच्यासाठी लढाया केल्या, तिच्यावर राहूनच इस्लाम स्वीकारला. अल्लाहच्या मार्गात लागणाऱ्या जनावरांची गरज नसती तर आपण त्यांच्या भूमीची वीतभरही जागा राखली नसती. राखीव वनाच्या अधिसूचनेत शासनकर्त्याने असे कबूल केल्याचे कधी वाचनात येईल काय?

आता पैशाकडे वळू. वनजमीन प्रकल्पाला द्यायची तर प्रकल्पकर्त्याने पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि त्या वनाचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावे लागते. ही रक्कम 'कॅम्पा' निधीत जमा होते. २०१६ च्या कायद्यानुसार तिच्यातील ९० टक्के वाटा राज्याचा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना या निधीतून ४७ हजार कोटींहून अधिक रुपये वर्ग केले, त्यांत महाराष्ट्राचे सुमारे ३,८४४ कोटी होते. रकमेला तोटा नाही. परंतु २००६ ते २०१२ या काळाची तपासणी करून महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दिलेला अहवाल सांगतो की, वनाच्या बदल्यात मिळायला हवी होती सुमारे १ लाख ३ हजार हेक्टर वनेतर जमीन. मिळाली सुमारे २८ हजार हेक्टर, आणि त्यांपैकी झाडे लागली ७ हजार हेक्टरच्या आसपास.

फिकहमध्ये दुसऱ्याची वस्तू नष्ट करणाऱ्यावर 'जमान' म्हणजे भरपाई येते. तशीच वस्तू मिळत असेल तर तशीच द्यावी, मिळत नसेल तरच तिचे मूल्य. हे मूल्य नुकसानीनंतरचे कर्तव्य आहे, नुकसानीपूर्वीचा परवाना नव्हे. शेजाऱ्याचा आंबा तोडून त्याची किंमत देणारा कर्जमुक्त होईल, पण किंमत खिशात आहे म्हणून कुऱ्हाड चालवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या शेकडो वर्षांच्या रानाला 'तशीच वस्तू' कोठून आणणार? माळावर ओळीने लावलेली रोपे ही त्याची परतफेड असल्याचे कागदावर दाखवता येते. म्हणून भरणा केला की विषय मिटला, ही समजूत शरीअतच्या दृष्टीने टिकत नाही. जो लाभ घेतो त्याच्यावरच जोखीम असते, हेही फुकहांचे प्रसिद्ध सूत्र आहे. चांदोलीच्या बाबतीत लाभ आणि जोखीम यांचे मालक वेगवेगळे निघाले, आणि निधी कितीही मोठा असला तरी ही तफावत त्याने आपोआप बुजत नाही.

जगाच्या पातळीवरही चित्र वेगळे नाही. श्रीमंत राष्ट्रांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे, २०२० पर्यंत विकसनशील देशांना हवामानासाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उपलब्ध करून देण्याचे वचन दिले. तो आकडा प्रत्यक्षात २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातही मोठा भाग कर्जाच्या स्वरूपात होता. ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. सावकारासाठी तो नियम आहे तर राष्ट्रांसाठी का नसावा?

आपल्या भागापुरते पाहायचे तर एक दार उघडे आहे. वन्यजीव कायद्यानुसार संवर्धन राखीव क्षेत्र स्थानिक लोकांशी विचारविनिमय करूनच घोषित करता येते. त्याच्या व्यवस्थापन समितीत ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते क्षेत्र येते तिचा एकेक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन सदस्य, आणि कृषी व पशुसंवर्धन विभागाचे प्रतिनिधी असतात. म्हणजे गवताचा, गुरांचा आणि पिकाच्या नुकसानीचा विषय तेथे मांडण्यास कायद्याने जागा ठेवली आहे. आपल्या गावाचा प्रतिनिधी कोण, तो बैठकीला जातो काय, शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त ग्रामसभेत वाचले गेले काय आणि वनाच्या नावाने आलेला पैसा कोणत्या कामावर खर्ची पडला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारता येते. आणि विचारताना आपल्या वाडीतील सर्वांत कमी गुरे असलेल्या माणसाला बरोबर घेऊन जावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. हुनयला दिलेल्या आदेशात पहिला मान त्याचा होता.