कर्माचा अधिकार आणि यंत्र

इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि तिच्या हजारो कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द होण्यास डिसेंबर 2023 उजाडला; तोवर अनेक कामगार निवर्तले होते. ही मिल केवळ यंत्रांमुळे बंद पडली नाही, हे खरे. परंतु तुटलेला धागा चिमटीत धरून सांधण्याचे जे काम कामगारांची बोटे करीत, ते आज सूतगिरणीतील स्वयंचलित यंत्र क्षणात करते, आणि इंदूरच्याच सुदामा नगर वस्तीतील हिशेबनिसापुढेही आता आपले काम यंत्राकडे जाण्याचा प्रश्न उभा आहे. गीता माणसाला कर्माचा अधिकार देते, फळाचा नाही. मग कर्मच हिरावले गेले तर? लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) लोकसंग्रहावर, म्हणजे समाजाची घडी टिकवून त्याला सन्मार्गावर ठेवण्याच्या कर्तव्यावर, भर दिला, आणि हे कर्तव्य यंत्र आणणाऱ्या मालकावरही तितकेच बंधनकारक ठरते. विस्थापित कामगाराला अनासक्तीचा उपदेश करणे हा तर गीतेचा विपर्यासच होय, कारण अनासक्ती फळाविषयी सांगितली आहे, उपासमारीविषयी नव्हे. कामगाराचे देणे आणि त्याच्या नव्या प्रशिक्षणाचा खर्च यंत्र चालू होण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवला पाहिजे.