ऋतुप्राप्ती, विटाळ आणि कर्तृत्व

मुलगा किंवा मुलगी वयात येते तेव्हा त्या बदलासाठी कोणाचीही संमती घेतली जात नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागातून ठरावीक लयीने संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे शरीरभर निरोप पोचवणारी द्रव्ये, स्रवू लागतात, त्यांच्या प्रेरणेने पीयूषिका ग्रंथी बीजकोशांना आणि वृषणांना कामाला लावते, आणि पुढच्या काही वर्षांत उंची, आवाज, त्वचा आणि मनाचा कल हे सारे पालटते; मुलींना छातीची वाढ सुरू झाल्यानंतर साधारण दोन वर्षांनी पहिली पाळी येते. धर्मविचारापुढे येथे उभा राहणारा प्रश्न असा, की जे घडण्यात संकल्प नाही आणि जे टाळण्याची शक्यताही नाही, त्याचा दोष ज्या व्यक्तीच्या देहात ते घडते तिला लागू शकतो काय.

शिरपूर आणि तापीकाठचा खानदेश या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच वर्षात पाळतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाई मांडतात, आणि पार्वतीरूप असलेल्या या देवीच्या गाण्यांतून सासर-माहेर, डोहाळे, बाळंतपण आणि बाळाचे नाव ठेवणे हे विषय उघडपणे, आनंदाने येतात. जननक्षमता तेथे देवीच्या संसाराचा भाग असते. त्याआधी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातील पुरुषांच्या नावे सव्वा-सव्वा मूठ गहू घेण्याची आणि ते रोट भाऊबंदकीतच खाण्याची रीत आहे, आणि या सोवळ्याच्या कामापासून पाळी आलेल्या बाईने दूर राहावे अशी अपेक्षा असते. कुळाची मोजदाद पुरुषांच्या नावाने व्हावी, आणि ज्या देहधर्मावाचून ते कूळ एक पिढीही पुढे जाणार नाही तो चालू असताना बाईने बाजूला बसावे, ही विसंगती रूढीच्या सवयीमुळे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

या दूर बसण्याचे वैदिक समर्थन तैत्तिरीय संहितेतील एका कथेत सापडते. इंद्राने विश्वरूपाचा वध केला, त्याला ब्रह्महत्येचे पातक लागले, आणि ते त्याने पृथ्वी, वृक्ष व स्त्रिया यांच्यात तीन भागांनी वाटले. स्त्रियांनी आपला वाटा घेताना ऋतुकाळानंतर संतती व्हावी असा वर मागून घेतला, आणि तो वाटा रजस्वलेच्या रूपाने प्रकट झाला. ही कथा मुळातच एक कबुली देते. पाप इंद्राचे आहे, स्त्रीने ते केलेले नाही. जो दोष कर्माने उत्पन्न झालेला नाही तो दुसऱ्याकडून आणल्यावाचून सिद्ध करता येत नाही, हे कथाकाराला कळले होते, म्हणूनच त्याला हस्तांतराची गरज भासली.

सनातन पक्षाचे यावरील उत्तर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. अशौच म्हणजे पाप नव्हे, ती केवळ धर्मकृत्याला तात्पुरती अपात्र करणारी अवस्था आहे, आणि घरात मृत्यू झाला की निरपराध माणसांनाही सुतक येते, असे हा पक्ष म्हणतो. परंतु परंपरेने ही मर्यादा स्वतःच ओलांडली आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला केले जाणारे ऋषिपंचमीचे व्रत रजोदोषाच्या निवारणासाठी सांगितलेले आहे, आणि त्याच्या कथेत विटाळ न पाळलेली ब्राह्मणी पुढील जन्मी कुत्री होते व तिच्या संपर्काने दूषित झालेला पती बैल होतो. पुढचा जन्म ठरवणारी गोष्ट तात्पुरती अपात्रता राहत नाही. ती पापच होते.

मुलाच्या बाबतीत हीच परंपरा वेगळ्या सूक्ष्मतेने वागते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याने इच्छापूर्वक वीर्यपात केल्यास व्रतभंग सांगितला आहे, आणि स्वप्नात, इच्छेवाचून, तसे घडल्यास स्नान, सूर्यपूजा व एका ऋचेचा तीनदा जप एवढेच पुरेसे मानले आहे. देहाने आपणहून केलेले आणि कर्त्याने संकल्पाने केलेले यांतील भेद शास्त्रकारांना उत्तम ठाऊक होता. तो भेद मुलाला लावला गेला आणि मुलीला लावला गेला नाही, आणि एवढ्यावरूनच रजोदोषाची कल्पना तत्त्वविचारातून निघालेली नाही असे म्हणावे लागते.

मराठीत या प्रश्नावर तीन भूमिका दिसतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी तेराव्या शतकात आपल्या शिष्यिणींना असे समजावले, की नाक, डोळे, कान यांतून जसा मळ येतो तसाच हा एक धातू स्रवतो आणि थांबतो, त्याचा विटाळ धरू नये. चौदाव्या शतकातील सोयराबाईंनी, ज्यांना स्त्री म्हणून आणि चोखोबांच्या घरातील महार स्त्री म्हणून असे दोन विटाळ सोसावे लागले, वेगळी वाट धरली: विटाळावाचून एकही देह उत्पन्न होत नसेल तर सोवळा कोण, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि शुद्धता त्या आत्म्याकडे नेतात. सतराव्या शतकात रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील जन्मदुःखाच्या समासात त्याच गृहीतापासून आरंभ केला, म्हणजे देह हा रजस्वलेच्या विटाळाचा गोळा आहे असे मानले, आणि त्यातून देहाविषयी वैराग्य काढले.

सोयराबाई आणि रामदास यांचे निष्कर्ष परस्परांपासून फार दूर आहेत, तरी दोघांचाही आधार प्राचीन गर्भविज्ञान हाच आहे, ज्यानुसार गर्भाशयात थांबलेल्या रक्तापासून मूल घडते. आज तो आधार उरलेला नाही. 1827 मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यांचे बीजांड पाहिले, आणि पुढे हे स्पष्ट झाले की पाळीचे रक्त हे गर्भाचे द्रव्य नसून गर्भासाठी तयार झालेले व गर्भ न राहिल्याने गळून पडणारे गर्भाशयाचे अस्तर आहे. मुलीची बीजांडे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. वयात येताना त्यांतील सुमारे तीन ते चार लाख उरतात आणि आयुष्यात जेमतेम चारशेच पक्व होऊन बाहेर पडतात. सोयराबाईंच्या प्रश्नातील नैतिक बळ याने कमी होत नाही, परंतु चक्रधरांची भूमिका अधिक टिकाऊ आहे असे म्हणणे भाग आहे, कारण ती कोणत्याही गर्भविज्ञानावर उभी नाही. ती विटाळ सर्वांना वाटून देत नाही, तो मुळातच नाकारते.

या वादाची किंमत मुलींनी देहाने मोजली आहे. पहिला ऋतू हा मुलीचा नसून कुळाचा अधिकार आहे असे एकदा मानले, की त्या ऋतूत गर्भाधानसंस्कार झालाच पाहिजे असे म्हणता येते, आणि 1891 च्या संमतिवयाच्या वादात ते म्हटले गेले. फुलमणी दासी ही सुमारे दहा-अकरा वर्षांची बंगाली मुलगी पतीच्या संभोगाने मरण पावल्यानंतर सरकारने संमतीचे वय 10 वरून 12 वर नेण्याचे ठरवले, तेव्हा टिळकांनी परकीय सरकारच्या धर्मातील हस्तक्षेपाला विरोध केला, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे पहिल्या ऋतूतील गर्भाधान अनिवार्य नसल्याचे दाखवले. मनुस्मृतीचा नववा अध्यायही, ऋतुमती झालेल्या कन्येने मरेपर्यंत पित्याच्या घरी राहिले तरी चालेल परंतु तिला गुणहीन वराला देऊ नये, असे सांगतो. सुश्रुताने तर पाळी बाराव्या वर्षापासून येते हे नोंदवूनही सोळा वर्षांखालील मुलीच्या गर्भाला धोका असतो असे स्वतंत्रपणे लिहून ठेवले होते. पाळी येणे आणि प्रसूतीसाठी देह सिद्ध असणे या दोन गोष्टींमध्ये त्याने चार वर्षांचे अंतर मानले, आणि 1891 चा कायदा त्या अंतराच्या अलीकडच्याच टोकाशी, बारावर, थांबला.