दोषाचें वांटप

कोणताही अनर्थ ओढवला कीं, ‘यांत दोष कोणाचा, आणि किती?’ असें मनुष्य विचारूं लागतो. या ‘किती’चें उत्तर आंकड्यांत देण्याचा यत्न अर्थशास्त्रानें केला आहे. नॉर्वेच्या राग्नार फ्रिश यांनीं १९३३ सालीं व्यापारांतील तेजीमंदीस झुलत्या लांकडी घोड्याची उपमा दिली. बाहेरचे धक्के बसतात आणि घोडा हेलकावत राहतो. पुढें अमेरिकेच्या ख्रिस्तोफर सिम्स यांच्या १९८० सालच्या निबंधापासून, या हेलकाव्यांत प्रत्येक धक्क्याचा वांटा मोजण्याची रीत रूढ झाली. आज डायनेअर नांवाची संगणक-प्रणाली हें काम क्षणार्धांत करते.

परंतु या वांटणींत एक मर्म आहे. समजा, महागाईच्या चढउतारास तेलाचा भाव व विनिमयाचा दर असे दोन सारख्याच जोराचे धक्के कारण आहेत, आणि त्यांचा परस्परसंबंध ०.५ इतका आहे. रूढ रीतीनें हिशेब केल्यास, ज्याचें नांव आधीं लिहिलें त्याच्या वांट्यास शेंकडा ७५ येतात व दुसऱ्याच्या वांट्यास २५. नांवांचा क्रम फिरवा, कीं वांटेही फिरतात! आंकडे तेच, गणितही बिनचूक. मात्र दोहोंचें जें सामाइक, तें सारें पहिल्याच्या पदरीं पडतें.

आमच्या घरगुती न्यायनिवाड्यांत याहून निराळें काय घडतें? मुलगा नापास झाला म्हणजे बाप आईच्या लाडांचें नांव आधीं घेतो आणि आई बापाच्या धाकाचें. वास्तविक धाक वाढला म्हणून लाड वाढले, आणि लाड वाढले म्हणून धाक वाढला. या गुंत्यांतला सामाइक भाग जो तो दुसऱ्याच्या नांवें मांडून मोकळा होतो.

मग दोषनिर्णय सोडूनच द्यावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. धक्के परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर क्रमानें कांहींच बिघडत नाहीं. ते गुंतलेले असतील, तर कोणता आधीं याचें कारण गणिताबाहेर शोधावें लागतें, आणि तें उघड सांगणें हें निर्णय देणाराचें कर्तव्य होय. कारण सांपडत नसेल, तर दोन्ही क्रमांचे हिशेब पुढें ठेवावे व सामाइकास सामाइक म्हणावें. ज्याच्यावर दोष ठेवावयाचा, त्याचें नांव आपण प्रथम कां घेतलें, एवढें तरी निर्णयापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस विचारावें.