नाव कोणी ठरवावे?

दुसऱ्याचे नाव ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. परंतु 'जात वा जमात' हा रकाना वर्षानुवर्षे भरणाऱ्या आम्हां कारकुनांना तरी तो तसा भासू नये. अरुणाचलातील निशी लोकांची नोंद अनुसूचित जमातींच्या यादीत २००८ पर्यंत 'डफला' अशी होती. आदी लोकांना मैदानातल्या शेजाऱ्यांनी दिलेले 'अबोर' हे नाव यादीतून गेले ते २०२१ साली. त्याचा अर्थच मुळी 'कोणास न जुमानणारे'. तोवर कित्येक कारकुनांनी ही नावे निर्मळ मनाने, वळणदार अक्षरात लिहिली असतील!

मानवशास्त्राची वाटचालही याच प्रश्नाभोवती झाली आहे. प्रारंभी या शास्त्राच्या हाती मोजपट्टी होती. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी जातीची उच्चनीचता नाकाच्या लांबीरुंदीशी जोडली. पण मोजपट्टीचा गर्व मोजपट्टीनेच उतरविला. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी गुरूंची अपेक्षा होती. तसा संबंध आढळत नाही, असे या शिष्येने आपल्या प्रबंधात नमूद केले. परदेशात, गुरूच्याच संस्थेत बसून असे लिहावयास केवळ विद्वत्ता पुरत नाही.

पुढे अभ्यासक गावात राहू लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की यांनी ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकला, तेथील भाषा आत्मसात केली. तथापि त्यांच्या निधनानंतर १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या खाजगी रोजनिशीत त्याच लोकांविषयीचा तिटकारा जागोजाग प्रकट झाला. शेजारी राहिल्याने मन शेजारी जातेच असे नाही, हे परप्रांती नोकरी करणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

मग याद्या जाळून टाकाव्यात काय? तसे आम्ही म्हणणार नाही. यादीत नाव नसेल तर शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही. नोंद अन्यायाचे साधन झाली, तशी न्यायाचेही झाली आहे. दोष नोंदीत नसून, नोंद करणाऱ्याने आपणांस सर्वज्ञ समजण्यात आहे. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला ते खोडण्याची मुभा असावी, एवढीच नीती या शास्त्राने दीडशे वर्षांत कमावली असेल, तरी ती थोडकी नव्हे.

आम्ही नागपूरचे असू वा साताऱ्याचे, येथील बाजारात आम्ही सारे 'बंबईवाले'. या नावाने आम्ही मनातून चडफडतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन इतरांची नावे बेधडक लिहितो! रकाना भरण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबवावी आणि समोरच्याला एवढेच विचारावे, ''आपण स्वतःला काय म्हणवता?''