देवीचा नकार

नवरात्र आले की परदेशातली आपण मराठी माणसे जरा अभिमानाने बोलू लागतो. ऑफिसातला एखादा सहकारी विचारतो, "तुमच्याकडे देव बाईच्या रूपातही असतो म्हणे?" मग आपण लगेच दुर्गा, लक्ष्मी, सरस्वती अशी यादी देतो. संरक्षण, अर्थ आणि शिक्षण ही तिन्ही खाती आमच्याकडे बायकांकडेच आहेत, असा विनोदही करून घेतो. त्याचा पुढचा प्रश्न मात्र अडचणीचा असतो : "मग तुमच्याकडे बायकांना खूप मान असेल, नाही?"

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. "आपल्या संस्कृतीत स्त्रीला सर्वोच्च स्थान आहे," हे एक. "सगळे ढोंग आहे, मूर्तीला पैठणी नेसवायची आणि घरच्या बाईला राबवायचे," हे दुसरे. मला दोन्ही पटत नाहीत. पहिले उत्तर देणारा आकड्यांकडे बघत नाही आणि दुसरे देणारा पोथी उघडत नाही.

आधी पोथीच उघडू. देवीमाहात्म्य, म्हणजे आपली सप्तशती, हा मार्कंडेय पुराणाचा तेरा अध्यायांचा भाग. त्यातला महिषासुर सगळ्यांना ठाऊक असतो. सर्व देवांच्या तेजातून देवी प्रकट होते, शंकर तिला त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो. पण मला पाचव्या अध्यायातला एक प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. देवीच्या रूपाची कीर्ती ऐकून शुंभ नावाचा दैत्य तिच्याकडे दूत पाठवतो. माझ्याशी किंवा माझ्या भावाशी लग्न कर, हवे ते वैभव मिळेल, असा निरोप. देवी सांगते की जो मला युद्धात जिंकेल तोच माझा पती, अशी माझी प्रतिज्ञा आहे. शुंभाला हे सहन होत नाही. तिला केस धरून ओढत आणा, असा हुकूम तो आपल्या सेनापतीला देतो, आणि तिथून युद्ध पेटते. थोडक्यात, त्या लढाईची ठिणगी म्हणजे बाईचा नकार पुरुषाला न पचणे.

याच ग्रंथात पुढे, अकराव्या अध्यायात, देव तिची स्तुती करताना म्हणतात की जगातल्या साऱ्या स्त्रिया ही तुझीच रूपे आहेत. तेव्हा "भक्ती वेगळी आणि समाज वेगळा, उगाच सांगड घालू नका," असे कोणी म्हणाले तर त्याला सांगता येईल की ही सांगड पोथीनेच घातलेली आहे.

आता आकडे बघू. कोल्हापूरची अंबाबाई हे साडेतीन पीठांपैकी एक. २००१ च्या जनगणनेत याच कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. संपूर्ण महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ९१३ होता. कायदा नव्हता असेही नाही. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा १९९४ मध्ये आला. हुंडा, जमिनीचा वारस, लहान कुटुंबाची ओढ आणि गावोगावी पोचलेले सोनोग्राफी मशीन, ही त्यामागची कारणे. यात अंबाबाईचा दोष नाही. पण देवीची ओटी भरणारे हात आणि त्या तपासणीचे पैसे मोजणारे हात वेगवेगळ्या मुलखातले नव्हते, हेही खरे. श्रद्धेने हे घडवले नाही, पण श्रद्धेने ते थांबवलेही नाही.

का थांबवले नसेल? माझ्यापुरते उत्तर असे : आपण देवीची शक्ती मानतो, तिची इच्छा मानत नाही. मूर्ती काही मागत नाही आणि "नाही" म्हणत नाही. घरातली बाई म्हणू शकते. तिने तसे म्हणू नये म्हणून आपण तिला लहानपणापासून तयार करतो, आणि पुढे कोणी काही सांगायचीही गरज उरत नाही.

काही वर्षांपूर्वी माझी आई इथे आली असताना एका घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली होती. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. यजमानीणबाईंनी करंडा अगदी मनापासून तिच्यापुढे धरला. आई दोन पावले मागे सरकली आणि म्हणाली, "मला नको गं, त्यांना लाव." तिला कोणीही अडवले नव्हते. हा नकार होता खरा, पण तो तिचा नव्हता. दुसऱ्यांनी तो तिच्या तोंडी बसवला होता. देवीचा नकार आणि आईचा नकार यांतले अंतर मोजले की आपण कुठे उभे आहोत ते कळते.

मी निराश मात्र नाही, आणि त्याचे कारणही त्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. पुढे राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. ठरावाने मने एका रात्रीत बदलत नाहीत, हे मान्य. पण "कुंकू पुसू नका" असे म्हणणाऱ्या बाईला त्या दिवसापासून गावाचा आधार मिळाला. आरती आपोआप समाज बदलत नाही. माणसांनी एकत्र बसून ठरवावे लागते.

आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे : कागदावरचे डिझाइन कितीही सुंदर असो, प्रोग्रॅम चालवून बघितल्याशिवाय त्याला पास म्हणायचे नाही. आपल्या देवीचे डिझाइन फार सुंदर आहे. चालवून बघायचे काम आपले आहे, आणि परदेशात ते तुलनेने सोपे आहे. इथे भाऊबंदकी नाही, गावकी नाही, "लोक काय म्हणतील" मधले लोक म्हणजे आपणच. मंडळाच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात "सर्व स्त्रियांना" एवढे दोन शब्द घालायला काय हरकत आहे? एखादी मुलगी ठरलेल्या स्थळाला "नको" म्हणाली, तर तिच्यामागे चार मावश्या समजूत घालायला न पाठवता तिचे ऐकून घेता येईल का? नवरात्रात नऊ दिवस आपण जिच्यापुढे हात जोडतो, ती मुळात "नाही" म्हणणारी देवता आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.