मीठ एकत्र खाल्ले का?



डिसेंबर लागला की सेवाभावी क्लबांची लगबग सुरू होते. पाड्यांवर ब्लँकेटवाटप, आश्रमशाळेत वह्या आणि खाऊ, कुठे रक्तदान, कुठे नेत्रतपासणी. महिनाअखेरीस सभासद सहकुटुंब हॉलमध्ये जमतात, वर्षाचा अहवाल वाचला जातो आणि स्नेहभोजन होते. आपल्यापैकी बरेच जण अशा क्लबांत आहेत आणि त्यांच्या कामाविषयी आम्हांला आदर आहे.

या क्लबांचा उगम पाहण्यासारखा आहे. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने १९०५ साली शिकागोत तिघांना घेऊन पहिला रोटरी क्लब काढला, तो मुख्यतः स्नेहासाठी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत सभा भरत, त्यावरून रोटरी हे नाव पडले. समाजसेवा मागाहून आली. आज दोन्ही गोष्टी चालतात, पण वेगवेगळ्या जागी: सेवा पाड्यावर, स्नेह हॉलमध्ये. ब्लँकेट घेणारी बाई भोजनाला नसते. हे आपल्याला खटकावे का?

काही म्हणतील, मुळीच नाही. कुडकुडणाऱ्याला ब्लँकेट मिळाले, काम झाले. फोटो काढल्याने त्याची ऊब कमी होत नाही. हा युक्तिवाद हलका नाही. देणाऱ्याचे मन शुद्ध होईपर्यंत गरिबाने थंडीत थांबावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, धर्मगुरूंनाही नाही.

तरी काहीतरी उरतेच. ॲरिस्टॉटल मैत्रीविषयी लिहिताना एक जुनी म्हण देतो: एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. मीठ आपल्या मराठीतही आहे, पण 'खाल्ल्या मिठाला जागणे' यात एक देतो, दुसरा खातो आणि जन्मभर मिंधा राहतो. दोन मिठांत केवढे अंतर! रांगेतल्या मुलांना खाऊच्या आधी 'थँक्यू सर' म्हणायला लावतात, तेव्हा आपण कोणते मीठ वाटतो आहोत ते कळते.

अडचण अशी की, संपत्तीत वा गुणांत फार अंतर पडले तर मैत्री टिकत नाही, असेही ॲरिस्टॉटलच सांगतो. देवाशी मैत्री तर त्याला अशक्यच वाटते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचाच विचार हाती घेतला आणि त्याच्या पलीकडे गेले. ख्रिस्ती प्रीती ही माणसाची देवाशी मैत्रीच आहे, असे त्यांनी लिहिले, कारण देवाने स्वतःचा आनंद आपल्याला वाटून दिला आहे. माणसाला न ओलांडता येणारे अंतर पलीकडून ओलांडले गेले. आपण नाताळ साजरा करतो तो याचाच. आणि मित्रावर प्रेम असले की त्याची मुलेबाळेही आपली होतात, हेही संत थॉमस सांगतात.

करिंथ येथे प्रभुभोजनाला काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले. दान कमी पडले अशी त्याची तक्रार नव्हती. पंगत मोडली होती.

मग पाड्यावरच्या मंडळींना हॉलमधल्या जेवणाला बोलवावे का? आम्हांला वाटते, घाईने नको. ती माणसे कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर अवघडून बसतील आणि आणखी एक फोटो निघेल. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह आज संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी म्हणून ओळखली जाणारी संस्था सुरू केली, तेव्हा त्यांनी उलटी वाट धरली. ते गरिबांच्या घरी गेले. घरभेट हा त्या सोसायटीच्या कार्याचा आजही कणा आहे.

अशा घरभेटीत बहुधा काळा चहा पुढे येतो. 'यांना कशाला खर्चात पाडा' असा विचार करून आपण मधुमेहाचे कारण सांगतो आणि कप परत करतो. (मधुमेह नसलेलेही!) त्यात दया असेल, पण त्या घराला आपल्याला काही देण्याची तेवढीच संधी होती. याकोबाच्या विहिरीपाशी येशूने शोमरोनी स्त्रीकडे आधी पाणी मागितले, जिवंत पाण्याची गोष्ट नंतर काढली.

या महिन्यात पाड्यावर जाणाऱ्यांनी एक-दोन तास हाताशी ठेवून जावे. ब्लँकेटच्या गाडीला परतीची घाई नसावी.