सॅमन मासा आणि आपले दाखले

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पुष्कळ शाळांच्या वर्गांत काचेची एक टाकी ठेवलेली असते. तिच्या थंड पाण्यात सॅमन माशाची वाटाण्याएवढी नारिंगी अंडी सोडतात. मुले रोजचे तापमान लिहून त्याची बेरीज करीत जातात, कारण पिल्ले केव्हा बाहेर येतील याचा अंदाज त्या बेरजेवरून बांधता येतो. वसंत ऋतूत पिल्ले ओढ्यात सोडून येतात. (आपल्या बाजारात रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्याचे या माशाशी नाते नाही.)

पुढची हकिकत मुले वाचून शिकतात. मासा समुद्रात जाऊन वाढतो आणि काही वर्षांनी जन्मओढ्याच्या पाण्याचा वास ओळखून परत येतो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेत नाही. मादी हजारो अंडी घालते, आणि पॅसिफिक महासागरातले हे मासे त्यानंतर थोड्याच दिवसांत मरतात.

येथे आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना मोह पडतो. “मुलांनो, पाहा, त्याने पिल्लांसाठी प्राण दिला!” दाखला तयार. पण तो खरा आहे काय? आम्हांस वाटते, नाही. ज्याला नाही म्हणता आले असते त्याच्याच देण्याला अर्पण म्हणावे. मासा जसा घडवला तसा वागतो. त्याला वधस्तंभाशेजारी उभे केल्याने वधस्तंभाचा अर्थ उणावतो आणि माशाविषयीही खोटे सांगितले जाते. शिवाय एखादे चौकस मूल विचारील, हजारो पिल्लांपैकी परत येतात मोजकीच, मग बाकीच्यांचे काय? त्या दाखल्याजवळ याला उत्तर नाही.

कोणी म्हणतील, प्रभूनेही पाखरांचे व रानफुलांचे दाखले दिले. दिले खरे, पण पाखरांना त्याने सद्‌गुणी ठरवले नाही; बाप त्यांना पोसतो एवढेच सांगितले. ईयोबाच्या पुस्तकात देव शहामृगीविषयी बोलतो. ती अंडी जमिनीवर टाकून विसरून जाते. शब्बाथशाळेला असली आई मुळीच उपयोगाची नाही! तरी देव तिचे वर्णन आवडीने करतो.

म्हणून मुलांना आधी मासा जसा आहे तसा दाखवावा. अस्वले त्याला ओढून रानात नेतात, आणि समुद्रातून आलेले नत्र काठच्या झाडांच्या लाकडात सापडते. मेलेल्या माशांवर किडे वाढतात, आणि ते पुढच्या पिल्लांच्या तोंडी जातात. हे ऐकून मूल गप्प झाले तर शिक्षकांनी घाईने बोलू नये.

नीतीचा धडा हवाच असेल तर तो त्याच नदीकाठी आहे, पण माणसांविषयी. धरणातून माशांना वाट ठेवावी असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा असताना एल्वा नदीवर १९१३ मध्ये वाट न ठेवता धरण पुरे झाले, आणि १९२७ मध्ये त्याच्या वर दुसरे. काठच्या क्लॅलम आदिवासींचे अन्न त्या माशांवर होते. येथे मात्र नाही म्हणता येणारे कोणी होते. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे पाडली. खालचे निघाले त्याच वर्षी, २०१२ मध्ये, सॅमन त्या जागेच्या वर पोहोचले.